एका परीक्षेची कुळकथा

मागच्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीला गावी आला होता. रस्त्यांची आणि पुलांची कामे घेणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. सकाळी त्याच्या घरी गेलो, तो ओसरीवर बसून स्वारीचे पाठांतर चाललेले! मांडीवर विटेएवढे जाड पुस्तक, हातात पेन्सिल, आणि ओठ हलताहेत. शाळेत असताना ज्याला पाढे म्हणायला लावताना माझा घसा कोरडा पडे, तोच हा मुलगा.

मी विचारले, "काय रे, आता कसली परीक्षा?"

"पीएमपीची, गुरुजी. प्रकल्प व्यवस्थापनाची."

"अरे, तू पूल बांधतोस. पूल बांधणाऱ्याची परीक्षा पूल घेतो. पुस्तक कशाला?"

तो हसून म्हणाला, "मला पूल वेळेत उभा करता येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, गुरुजी. पण जो मला ओळखत नाही, त्याला ते कसं कळावं?"

उत्तर मला पटले. पण त्यातूनच एक प्रश्न निघाला. काम पार पाडण्याची हातोटी कागदावर प्रश्न घालून मोजता येते काय? आणि येत असेल, तर तिची तयारी कशी करावी? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा या परीक्षेची सारी कुळकथाच हाती आली. ती आज तुम्हाला सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाचे, पुतणे आज अशा परीक्षांना बसतात. ती काय शिकतात हे घरच्यांना ठाऊक असलेले बरे.

आधी 'प्रकल्प' म्हणजे काय ते पाहू. रोज गाईची धार काढणे हा प्रकल्प नव्हे. ते नित्याचे काम. पण गोठा बांधणे हा प्रकल्प. त्याला आरंभ आहे, शेवट आहे, ठरलेला पैसा आहे, आणि तो एकदाच व्हायचा आहे. विहीर खणणे, मुलीचे लग्न, शाळेची खोली, धरण, हे सगळे त्याच जातीचे. कामे लहानमोठी, पण दुखणे एकच. पैसा संपतो, दिवस संपतात आणि काम उरते.

या दुखण्यावर औषध शोधण्याचा आधुनिक प्रयत्न कारखान्यांतून सुरू झाला. पोलंडमधले कारोल आदामिएत्स्की नावाचे इंजिनियर होते. त्यांनी 1896 च्या सुमारास कामांची आखणी डोळ्यांना दिसेल असा एक तक्ता तयार केला. पुढे अमेरिकेत हेन्री गँट या इंजिनियराने 1910 नंतरच्या दशकात आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आणला. वर तारखा, डावीकडे कामे, आणि ज्या कामाला जितके दिवस तितकी लांब पट्टी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जहाजे बांधताना असे तक्ते वापरले. आजही कुठल्याही बांधकामाच्या कचेरीत गेलात तर भिंतीवर गँटची पट्टी टांगलेली दिसेल.

पण या पट्ट्यांत एक उणीव होती. कोणते काम कधी करायचे हे त्या सांगत. पण एक काम लांबले तर कोणकोणती कामे त्याच्यामागे लांबतील, हे त्यांवरून सहज कळत नसे. ही उणीव 1957 च्या आसपास भरून निघाली. अमेरिकेतल्या ड्यू पाँट या रासायनिक कंपनीकडे युनिव्हॅक नावाचे त्या काळचे मोठे गणकयंत्र होते, आणि त्याला लावण्याजोगे काम कंपनी शोधत होती. तिथले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली या दोघांनी मिळून कामांच्या साखळ्या मांडण्याची रीत बसवली. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. आपण तिला 'निर्णायक वाट' म्हणू.

ही वाट शाळेच्या एका खोलीवरून समजावून घेऊ. शिक्षक मित्रांनी फळ्यावर मांडून पाहावी.

समजा, मृग लागण्याआधी, म्हणजे 6 जूनपर्यंत, गावाला शाळेची एक खोली पुरी करायची आहे. पाया खणून भरायला 12 दिवस. त्यानंतर भिंतींना 20 दिवस. छपराच्या लोखंडी कैच्या तालुक्याच्या गावी करून घ्यायच्या, त्यांना 40 दिवस. पण त्यांचे काम पहिल्या दिवसापासून सुरू करता येते. सुताराकडची दारे-खिडक्या 25 दिवसांत होतात. तीही पहिल्याच दिवशी सांगता येतात. भिंती उभ्या आणि कैच्या तयार, म्हणजे छप्पर चढवायला 8 दिवस. मग गिलावा, फरशी आणि दारे बसवणे, मिळून 10 दिवस.

आता बेरीज करा. पाया, भिंती, छप्पर, गिलावा ही एक साखळी. 12 अधिक 20 अधिक 8 अधिक 10, झाले 50 दिवस. कैच्या, छप्पर, गिलावा ही दुसरी. 40 अधिक 8 अधिक 10, झाले 58 दिवस. दारे-खिडक्या आणि गिलावा ही तिसरी, ती 35 दिवसांची. सर्वांत लांब साखळी 58 दिवसांची. खोली त्याहून आधी पुरी होणे शक्य नाही. तेव्हा कैच्यांची ऑर्डर 10 एप्रिललाच गेली पाहिजे.

यातली मौज पाहा. गावकऱ्यांना रोज दिसतो तो गवंडी. उशीर होतोय असे वाटले की सगळे त्याच्यावर ओरडतात. त्याने घाम गाळून भिंती चार दिवस आधी उभ्या केल्या, तरी खोली एक दिवसही लवकर होत नाही. उलट त्याला आठ दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. सुताराच्या हाती तर 23 दिवसांची सवड आहे. अडलेले घोडे कैच्यांपाशी आहे, आणि कैच्या तर गावात कुणाला दिसतसुद्धा नाहीत! त्या 40 ऐवजी 32 दिवसांत मिळवल्या, तर सगळे काम 50 दिवसांत येते. त्याहून घाई करून मात्र फायदा नाही. कारण मग पाया-भिंतींची साखळीही तितकीच लांब ठरते.

एवढीच ती निर्णायक वाट. दिसायला साधी, पण तिने मोठी कामे केली. ड्यू पाँटच्या लुइव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवावी लागत. ही रीत लावल्यावर बंदचा काळ 125 तासांवरून 93 तासांवर आला.

त्याच सुमारास अमेरिकेचे नौदल पाणबुडीतून सोडायचे पोलॅरिस क्षेपणास्त्र बनवत होते. रशियाने ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक उडवल्यावर तर अमेरिकेत एकच घाई उडाली. काम इतके नवे की कशाला किती दिवस लागतील, हे छातीठोक सांगणार कोण? म्हणून 1958 साली 'पर्ट' नावाची रीत निघाली. तिच्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात: सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, एरवी किती, आणि सगळे फिसकटले तर किती. मधल्या अंदाजाची चौपट करून त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचे. आपल्या कैच्यांना लवकरात लवकर 30 दिवस, एरवी 39 आणि उशिरात उशिरा 54 धरले, तर बेरीज होते 240. भागिले सहा, म्हणजे 40 दिवस.

20 जुलै 1960 रोजी पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलॅरिस यशस्वीपणे सुटले. पर्टचा जगभर गाजावाजा झाला. सरकारी खात्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे जाळीदार तक्ते टांगले गेले. पण श्रोते हो, खरी शिकवण यापुढेच आहे. हार्वे सापोल्स्की या अभ्यासकांनी या साऱ्या कामाचा शोध घेऊन 1972 साली पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की, पोलॅरिसच्या यशाचे जेवढे श्रेय पर्टला मिळाले तेवढे तिचे नव्हते. वरच्यांना आणि बाहेरच्यांना तक्ता दाखवला की त्यांची ढवळाढवळ थांबे, आणि काम करणाऱ्यांना शांतपणे काम करता येई. हाच तक्त्याचा मोठा उपयोग झाला!

म्हणजे तक्ता ही दुधारी वस्तू आहे. आपले काम कुठे अडले आहे ते त्यात पाहता येते. आणि काम अडले आहे हे दुसऱ्यापासून लपवताही येते. पुढे जी परीक्षा निघाली, तिच्यापुढे हीच अडचण उभी राहणार होती. तक्ता काढता येणे निराळे आणि काम पार पाडणे निराळे.

1969 साली अमेरिकेत पाच जणांनी पुढाकार घेऊन प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. त्या वर्षी अटलांटा येथे भरलेल्या तिच्या पहिल्या मेळाव्याला 83 माणसे होती. निरनिराळ्या धंद्यांतली ही मंडळी. कुणी बांधकामातला, कुणी औषधांच्या कारखान्यातला. पण एकमेकांशी बोलताना त्यांना कळले की आपली दुखणी सारखीच आहेत. दुखणी सारखी, तर औषधही एका पुस्तकात मांडता येईल. 1983 साली संस्थेने आपल्या धंद्याला लागणाऱ्या ज्ञानाची पहिली मांडणी छापली. तिच्यात विषय होते सहा: कामाची व्याप्ती, वेळ, खर्च, दर्जा, मनुष्यबळ आणि कळवाकळवी. त्याच पायावर 1984 साली पीएमपीची पहिली परीक्षा झाली. तिच्यात 43 जण उत्तीर्ण झाले.

यापुढे या अभ्यासक्रमात काय काय भर पडली ती नीट पाहा, कारण तीही इतिहासच सांगते. 1987 साली जोखीम आणि खरेदीचे करार हे दोन विषय आले. 1996 साली संस्थेचा मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यात सगळ्यांची सांगड घालण्याचा विषय आला, झाले नऊ. आणि 2013 साली दहावा विषय स्वतंत्र झाला. तो कोणता? तर ज्या माणसांचा त्या कामाशी संबंध येतो, ज्यांचे त्यात भले-बुरे होते, त्यांना विश्वासात घेण्याचा. वेळ आणि खर्च पहिल्याच पंक्तीला बसले. आणि ज्याच्या दारावरून रस्ता जायचा, त्याला स्वतंत्र पाट मिळायला तीस वर्षे लागली!

हा दहावा विषय किती मोलाचा आहे, याचे उदाहरण आपल्या कोकणात आहे. कोकण रेल्वेचे महामंडळ 1990 साली स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते, आणि कोकणाचे मधु दंडवते अर्थमंत्री. ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची सूत्रे आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग. वाटेत डोंगर, खाड्या, नद्या, आणि 90 च्या वर बोगदे. जमिनीसाठी 40 हजारांहून अधिक मालकांशी बोलणी करायची होती. ती घरोघर, समोरासमोर झाली, आणि जमिनीचा बराचसा प्रश्न वर्षभरात सुटला. गोव्यात मात्र मार्ग कुठून जावा यावरून चळवळ उभी राहिली आणि काम थबकले. लोकांचे ऐकून घेणे हा कामाचाच भाग आहे, कामातली अडचण नव्हे, हे तिथे दिसून आले.

निर्णायक वाटही त्याच रेल्वेने दाखवली. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. सगळ्यांची नजर अशा लांब बोगद्यांवर. पण अखेर सारा मार्ग अडून बसला तो गोव्यातल्या पेडण्याच्या आखूड बोगद्यापाशी. तिथे कठीण कातळ नव्हता, भिजलेली मऊ माती होती. खणावे की ती पुन्हा ढासळे, पाणी भरे. दोन्हीकडचे रूळ तयार झाले तरी मुंबईची गाडी मंगळुरास जाईना. तो बोगदा पुरा झाला, आणि मगच 26 जानेवारी 1998 रोजी सबंध मार्गावरून गाडी धावली. कातळ फोडायला अवघड आणि माती सोपी, असे आपण समजतो. निर्णायक वाट आपल्या समजुतीने चालत नाही. ती शोधावी लागते.

आता परीक्षेच्या तयारीकडे वळू. पुष्कळ वर्षे या परीक्षेचे पुस्तक पाठ करणारे विद्यार्थी होते. 2017 च्या आवृत्तीत 49 कार्यपद्धती होत्या. प्रत्येकीत काय घालायचे, कोणते हत्यार वापरायचे, काय बाहेर येते, याच्या याद्याच याद्या. माझा विद्यार्थी ओसरीवर तेच घोकत होता. पण 2021 च्या जानेवारीत परीक्षेचा नवा आराखडा लागू झाला. त्यात प्रश्न 180 आणि वेळ 230 मिनिटे. म्हणजे प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. आणि गुणांची वाटणी पाहा: माणसांना सांभाळण्याला 42 टक्के, कामाच्या रीतीला 50 टक्के, आणि बाहेरच्या परिस्थितीला 8 टक्के. सहा विषयांतला एक म्हणून ज्याची सुरुवात झाली, तो माणूस या आराखड्यात जवळजवळ अर्ध्या परीक्षेचा धनी झाला. हे आराखडे दर काही वर्षांनी बदलतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचा आराखडा जरूर पाहावा.

प्रश्न कसे असतात? मासल्यादाखल मी एक रचतो. काम ऐन भरात आहे. मिस्त्री येऊन सांगतो की आलेला माल हलका आहे. पुरवठादार म्हणतो, चालेल. साहेब म्हणतात, तारीख चुकता कामा नये. तुम्ही सर्वांत आधी काय कराल? माल परत पाठवाल, साहेबांना पत्र लिहाल, मिस्त्रीला गप्प बसवाल, की माल तपासून घेऊन त्याचा तारखेवर आणि खर्चावर काय परिणाम होईल ते पाहाल? इथे पाठांतर कामाला येत नाही. 'आधी काय' हा शब्द ज्याने वाचला, त्याला उत्तर सापडते. न पाहता निवाडा करू नये आणि कळलेले लपवू नये, या दोन गोष्टी ज्याच्या अंगी मुरल्या, तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

म्हणून तयारीचे मर्म असे. पहिले, स्वतःचे एखादे पुरे झालेले काम घ्यावे आणि त्याच्या साखळ्या कागदावर मांडाव्यात. पुस्तकातला प्रत्येक शब्द त्या कामात कुठे बसतो ते पाहावे. दुसरे, सरावाचे प्रश्न सोडवताना चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी, आणि कोणते उत्तर बरोबर एवढेच न लिहिता, आपण का चुकलो ते लिहावे. तिसरे, घड्याळ लावून बसण्याची सवय करावी. चौथे, कामाची रोजनिशी ठेवावी. ती कशासाठी, ते सांगतो.

या परीक्षेला कुणीही उठून बसू शकत नाही. 2021 च्या त्या आराखड्याबरोबरच्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी असेल तर 36 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागे. शिवाय 35 तासांचे शिक्षण. पण श्रोते हो, पदवी नसलेल्यालाही दार बंद नव्हते. नुसते माध्यमिक शिक्षण झालेले असेल, तर अनुभव 60 महिन्यांचा लागे. म्हणजे ज्या ओव्हरसियराने शाळा सोडल्यावर कामावरच सारे शिकून घेतले, त्याच्या अनुभवालाही या परीक्षेने मोल दिले. मात्र अर्जातल्या अनुभवाची पडताळणी होऊ शकते. तिथे खोटे लिहिणाऱ्याने पहिलाच प्रश्न चुकवला असे समजावे. आणि उत्तीर्ण झाल्यावरही दर तीन वर्षांनी काही नवे शिकल्याचे दाखवावे लागते. नाहीतर पदवी गळून पडते.

आता शेवटी त्या विद्यार्थ्याकडे येऊ. शाळेच्या खोलीचे गणित आम्ही दोघांनी ओसरीवरच मांडले होते. ते झाल्यावर मी म्हणालो, "आता तुझा रखडलेला पूल मांड पाहू." त्याने जाड पुस्तक मिटले आणि वहीच्या मागच्या पानावर साखळ्या काढायला घेतल्या. अर्ध्या तासाने पेन्सिल थांबली. मजुरांना तो दोन महिने रात्रपाळ्या करायला लावत होता. आणि काम अडले होते कशापाशी? तर वाटेतले विजेचे तीन खांब हलवण्याच्या परवानगीपाशी. तिचा अर्ज करायचे त्याचे स्वतःचेच राहून गेले होते.

पाच मिनिटे तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, हे आता साहेबांना सांगावं लागेल."

मी म्हणालो, "तुझा पहिला पेपर झाला म्हणायचा."

पुढे त्याने सुट्टी संपण्याआधी दोन दिवस काम गाठले, चूक कबूल केली आणि अर्ज केला. त्याची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. ती तो उत्तीर्ण होईल की नाही, हे मी कसे सांगू? पण रात्रपाळ्या थांबल्या, हे मात्र त्याने मला कळवले. त्या मजुरांना पीएमपी म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांना आता रात्री घरी झोपायला मिळते.

आपल्या गावात यंदा शाळेची खोली, तळ्याचा गाळ, समाजमंदिर असे काही काम निघाले असेल, तर एका संध्याकाळी चारजणांनी बसून त्याच्या साखळ्या मांडून पाहाव्यात. त्याला परीक्षेची फी पडत नाही. खडू आणि फळा शाळेत आहेच.